पाणीपातळी नोंदवण्याचे अँड्रॉइड ॲप आयफोनसाठी पुन्हा लिहावे का?

प्रश्न : विहीरनोंद

नमस्कार. पुरंदर तालुक्यातील काही गावांमध्ये विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे काम आमची छोटी संस्था करते. मे महिन्यात पावसाळ्याआधी एक आणि नोव्हेंबरात एक, अशा वर्षातून दोन फेऱ्या होतात. (केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण आमचे मनुष्यबळ दोनच फेऱ्यांना पुरते.) कार्यकर्ता विहिरीवर पोहोचला की कठड्याला ठोकलेल्या पट्टीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, फीत सोडून जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो, फितीचा फोटो काढतो, जीपीएसची नोंद घेतो आणि पुढची विहीर गाठतो. बहुतेक ठिकाणी रेंज नसल्यामुळे नोंदी दिवसभर फोनमध्येच साठतात आणि संध्याकाळी सासवडला परतल्यावर सर्व्हरवर चढतात.

यासाठीचे ॲप एका मित्राने चार वर्षांपूर्वी कोटलिन भाषेत लिहून दिले. आमचे फॉर्म एक्सेलमध्ये, एक्सएलएसफॉर्म या ठरलेल्या पद्धतीने तयार होतात, ते वाचून प्रश्न दाखवण्याचे काम ॲपच्या पोटातील जावारोझा नावाचे तयार इंजिन करते आणि सर्व्हर कोबोटूलबॉक्स या फॉर्मसेवेचा आहे. आजवर सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन होते, त्यामुळे दुसऱ्या कशाचा विचार करण्याची वेळ आली नव्हती. यंदा पुण्यातील महाविद्यालयांचे विद्यार्थी कामात आले आहेत आणि ४६ जणांपैकी ११ जणांकडे आयफोन आहेत. मागच्या फेरीत त्यांना प्रत्येकी एका अँड्रॉइडवाल्याच्या जोडीला दिले, पण त्यामुळे दोन माणसे एका माणसाचे काम करत फिरली.

माझ्यासमोर तीन वाटा दिसतात: सध्याच्या ॲपची आयफोनसाठी स्विफ्ट भाषेत हुबेहूब आवृत्ती करावी, दोन्हीकडे चालेल असे ॲप फ्लटरमध्ये नव्याने लिहावे, किंवा आयफोनवाल्यांना ब्राउझरमधील वेब फॉर्म द्यावा. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की यातील कोणती वाट छोट्या संस्थेला झेपते. मित्र अजून मदतीला आहे, पण त्याच्या हाताशी फक्त सुट्टीचे दिवस असतात.

उत्तर : जुना_जावाकार

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हुबेहूब’ हा आहे, आणि अडचणही तिथेच आहे. अशा ॲपमध्ये पडदे, बटणे, कॅमेरा हा भाग चार-सहा आठवड्यांत दुसऱ्या फोनवर उभा राहतो. उभे राहत नाही ते फॉर्म वाचणारे इंजिन. कोणता प्रश्न कधी दाखवायचा, कोणते उत्तर नाकारायचे, कोणती बेरीज कुठे करायची हे सगळे तुमच्या एक्सेलमधील अटींवर ठरते आणि त्या अटींचा अर्थ जावारोझा लावते.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो इथे उपयोगाचा आहे. जावारोझा मुळात अँड्रॉइडसाठी लिहिलेले नव्हते. बटणांच्या साध्या फोनांवर जी जावाची लहान आवृत्ती चालायची, तिच्यासाठी ते तयार झाले. पुढे २००८ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ओडीके या माहिती गोळा करण्याच्या सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले, त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला आणि अँड्रॉइडही जावावरच चालत असल्यामुळे तेच इंजिन नव्या फोनात नेता आले. म्हणजे ‘दुसऱ्या प्रणालीवर जाणे’ ही गोष्ट या सॉफ्टवेअरने एकदा करून दाखवलेली आहे, मात्र दोन्ही काठांवर जावा होती म्हणून ती जमली. आयफोनवर जावा चालत नाही, त्यामुळे तो पूल तिथे तुटतो.

जावा कोडचे ऑब्जेक्टिव्ह-सी या आयफोनवर चालणाऱ्या भाषेत रूपांतर करणारे गूगलचे एक साधन आहे आणि कोटलिनचा कोड दोन्ही फोनांवर वापरण्याची पद्धत २०२३ पासून स्थिर मानली जाते. परंतु पहिल्या मार्गात जावारोझा ज्या इतर तयार कोड-संचांवर (लायब्ररींवर) उभे आहे तेही ओढून न्यावे लागतात, आणि दुसऱ्या मार्गात आयफोनकडे जाणाऱ्या भागात जावाचे काहीच चालत नाही. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या माणसाला मी यातले काहीही सुचवणार नाही.

फ्लटरची वाट आकर्षक वाटते, पण तिथे तुम्ही डार्ट या फ्लटरच्या भाषेत स्वतःचे इंजिन लिहाल, आणि एकाच फॉर्मचा अर्थ लावणारे दुसरे इंजिन आपल्या हाताने लिहिणे याइतकी धोक्याची गोष्ट या कामात नाही. एक उदाहरण देतो. समजा तुमच्या फॉर्ममध्ये अट आहे की पातळी, म्हणजे जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर, दोन मीटरपेक्षा कमी असेल तर ‘विहीर भरून वाहते का’ हा प्रश्न विचारावा. कार्यकर्त्याने पातळी भरलीच नाही, तर जावारोझा त्या रिकाम्या उत्तराला ‘संख्या नाही’ असे समजते, तुलना खोटी ठरते आणि प्रश्न दिसत नाही. नवे इंजिन लिहिणाऱ्याने रिकाम्या चौकटीला शून्य मानले तर तीच तुलना खरी ठरते. तुमच्या मोजणीत शून्याचा अर्थ काय? पाणी वर जमिनीच्या बरोबरीला आले आहे. भर मे महिन्यात पुरंदरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर नकाशावर दिसली तर चूक कुणाच्याही लक्षात येईल. नोव्हेंबरातील फेरीत मात्र ती खपून जाईल आणि सरासरीत मुरून बसेल.

म्हणून माझे मत असे की आयफोनसाठी जे काही कराल त्यात फॉर्मचे इंजिन आधीच तयार असलेले आणि हजारो फॉर्मांवर घासून निघालेले असावे. कोबोचे वेब फॉर्म एन्केटो या इंजिनावर चालतात, ते जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि त्याच एक्सएलएसफॉर्मचा अर्थ ते बऱ्याच वर्षांपासून लावत आले आहे. दोन इंजिने तरीही होतातच, पण दुसरे तुम्ही लिहिलेले नसेल. एन्केटो आधी ब्राउझरमध्येच वापरून पाहा. त्यात खरोखर कमी पडले, तर आयफोनवर एक पातळ कवच लिहा, ज्यात स्कॅनर आणि जीपीएस फोनचे असतील आणि फॉर्म आतल्या वेब चौकटीत चालेल.

तयार पर्यायांकडेही एकदा पाहायला हवे. सर्व्हे१२३ हे एक्सएलएसफॉर्मच वाचते आणि दोन्ही फोनांवर चालते, पण ते सशुल्क आहे. एपिकलेक्ट५ मोफत आहे आणि दोन्हीकडे चालते, मात्र त्याचा फॉर्म त्याच्याच पद्धतीने नव्याने बांधावा लागतो. चार वर्षांचा डेटा एका साच्यात असताना साचा बदलण्याची किंमत तुम्हीच ठरवा.

उत्तर : माळरान

आम्ही कोबोचा वेब फॉर्म आयफोनवर दोन हंगाम वापरला आहे, म्हणून अनुभवाचे सांगते. तो चालतो, रेंज नसतानाही चालतो, पण कार्यकर्त्यांना आधी नीट शिकवावे लागते.

सफारीत २०२० पासून असा नियम आहे की वापरणाऱ्याने सात दिवस सफारी वापरली पण एखाद्या संकेतस्थळाकडे फिरकलाच नाही, तर त्या संकेतस्थळाने फोनमध्ये साठवलेला मजकूर पुसला जातो. फॉर्म होम स्क्रीनवर चिन्ह करून ठेवला तर हे संकट टळते. भारतात आयफोनवरचा क्रोमही आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे ‘मी क्रोम वापरतो, मला काय’ असे कुणी म्हणाले तर त्याला थांबवा.

आमची फजिती मात्र वेगळीच झाली. एका मुलीने सकाळी सफारीत फॉर्म उघडून १४ नोंदी भरल्या आणि दुपारी जेवताना कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याच फॉर्मचे चिन्ह होम स्क्रीनवर घेतले. चिन्हावरून उघडले तर नोंदी शून्य. ती रडकुंडीला आली. सफारीची साठवण आणि होम स्क्रीनवरच्या चिन्हाची साठवण या दोन वेगळ्या कोठ्या आहेत, एवढे समजेपर्यंत संध्याकाळ झाली. सफारीत परत गेल्यावर चौदाच्या चौदा नोंदी जागेवर होत्या, पण त्या दुपारी कुणी वैतागून ‘इतिहास आणि वेबसाइट डेटा पुसा’ दाबले असते तर खरोखरच गेल्या असत्या. तेव्हापासून आमच्याकडे चिन्ह आदल्या दिवशी कार्यालयात, माझ्या डोळ्यांदेखत घेतले जाते, फॉर्म एकदा विमान मोडमध्ये उघडून दाखवावा लागतो आणि त्या दिवसाच्या नोंदी त्याच रात्री सर्व्हरवर गेल्याशिवाय फोन खिशात जात नाही.

तुमच्या कामात दोन अडचणी येतील. पहिली क्यूआर कोडची: वेब फॉर्ममध्ये स्कॅनर उघडत नाही, तिथे फक्त लिहिण्याची चौकट येते. पट्टीवर कोडखाली विहिरीचा क्रमांक मोठ्या अंकांत लिहा आणि शेवटी एक पडताळणी अंक (बाकीच्या अंकांवरून हिशोबाने निघणारा) जोडा, म्हणजे ४१७ ऐवजी ४७१ लिहिले तर फॉर्म तिथेच नाकारेल. ही अट एक्सेलमध्ये लिहिता येते. आधारच्या बारा अंकांतील शेवटचा अंकही पडताळणीचाच असतो.

दुसरी अडचण जीपीएसची. तुमचे ॲप ओडीकेसारखे पाच मीटरची अचूकता येईपर्यंत थांबत असेल. ब्राउझर थांबत नाही, त्या क्षणी जे मिळते ते घेतो. पण मला विचारायचे आहे की विहीर काय दर सहा महिन्यांनी जागा बदलते? तिचे स्थान तुमच्याकडे आधीच आहे. कार्यकर्ता खरोखर तिथे गेला होता एवढेच त्या नोंदीतून कळायला हवे असेल, तर पन्नास मीटरची चूकही चालते.

उत्तर : खडूफळा

सगळ्यांची क्षमा मागून वेगळे मत मांडतो. अकरा माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? अकरा जुने अँड्रॉइड फोन मिळवा, फेरीपुरते द्या, फेरी संपली की परत घ्या. आयफोनचे ॲप लिहायला जे मॅकबुक लागेल, त्या एकाच्या किमतीत हे सहज बसेल.

उत्तर : माळरान

@खडूफळा, हिशोब बरोबर आहे, पण दुसऱ्याने दिलेला फोन हा आणखी एक फोन असतो. त्याचे चार्जिंग, त्याचे सिमकार्ड, त्याची हरवण्याची भीती हे सगळे कार्यकर्त्याच्या गळ्यात पडते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले फोन परत केले, ते फोन निकृष्ट असल्याच्या तक्रारीवरून. जुने फोन गोळा केले तर तीच तक्रार तुमच्या दारात येईल. आणि वारे कुठे वाहते आहे ते पाहा: २०२७ च्या जनगणनेसाठीसुद्धा अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्हींवर चालणारे ॲप असेल असेच सरकारने जाहीर केले आहे.

तरीही दोन-तीन फोन संस्थेने जवळ ठेवावेत, हे मला मान्य आहे.

उत्तर : अर्धविराम

मी आयफोनची ॲप लिहितो आणि अशाच एका सर्वेक्षणाचे ॲप अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याच्या कामात होतो. @जुना_जावाकार यांनी सांगितलेले पातळ कवच पुढेमागे तुम्ही लिहिलेच, तर आम्हाला ठेचा कुठे लागल्या ते सांगतो.

सर्वांत मोठी ठेच आपल्या मराठीनेच दिली. काही नोंदी सर्व्हरवर तारखेनुसार लावल्या की सगळ्यांच्या खाली जाऊन बसत. दोन दिवस शोधल्यावर दिसले की त्यांची तारीख ‘२०२३-०५-१४’ अशी देवनागरी अंकांत आली होती. ज्यांनी फोनची भाषा मराठी ठेवली होती त्यांच्याकडूनच असे येत होते. हिंदी ठेवलेल्या फोनांवर ही गडबड नव्हती, आणि त्यामुळेच आम्ही भरकटलो, कारण लिपी एक असताना एकीकडे बिघाड आणि दुसरीकडे नाही असे का व्हावे? भाषांच्या ज्या सामायिक माहितीवर दोन्ही प्रणाली चालतात, तीत मराठीसाठी आपोआप वापरायचे अंक देवनागरी धरले आहेत आणि हिंदीसाठी रोमन (1, 2, 3 असे), हे त्याचे कारण. सर्व्हरकडे जाणारी तारीख आणि संख्या नेहमी एका ठरलेल्या, भाषा-निरपेक्ष साच्यातूनच तयार करा. पडद्यावर हवे तर देवनागरी अंक दाखवा, ते सुंदरच दिसतात. हा दोष तुमच्या अँड्रॉइड ॲपमध्येही असू शकतो. एक फोन मराठीत करून पाहा.

याचीच दुसरी बाजू अशी की कार्यकर्ता मराठी कळफलकावरून १२ असे देवनागरीत टाइप करतो तेव्हा जावा किंवा कोटलिन त्याला पूर्णांक म्हणून निमूट स्वीकारते, पण १२.५ असे दशांशात लिहिले की नाकारते. स्विफ्ट दोन्ही नाकारते. म्हणजे एकाच विहिरीवर, एकाच फॉर्मवर, एकाच्या फोनमध्ये उत्तर चालते आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या फोनमध्ये ‘चुकीचे उत्तर’ असा संदेश येतो. अंक वाचण्याआधी ते रोमनमध्ये बदलून घेणारी चार ओळींची पायरी दोन्ही ॲपमध्ये ठेवा.

जीपीएसबाबत एक सावधगिरी हवी. आयफोनला स्थान विचारले की पहिले उत्तर अनेकदा आधीच साठवलेले, जुने मिळते. आमच्या पहिल्या चाचणीत दिवसातील पहिले घर प्रत्येक गावात एसटी स्टँडवर पडत होते. प्रत्येक स्थानासोबत त्याची वेळ येते, ती तपासून काही सेकंदांपेक्षा जुने स्थान टाकून द्यावे. शिवाय वापरणाऱ्याने परवानगी देताना ‘अचूक स्थान’ बंद ठेवले असेल, तर काही किलोमीटरचा अंदाजच हाती येतो. हे ॲपने ओळखून सांगायला हवे. पुढे कधी ब्लूटूथचा बाहेरचा जीपीएस जोडण्याचा विचार असेल तर लक्षात असू द्या की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे उपकरण ॲपलच्या परवाना योजनेतील असल्याशिवाय आयफोनवरच्या ॲपला त्याच्याशी बोलता येत नाही.

फोटो आयफोन स्वतःच्या हाइक प्रकारात साठवतो, ते पाठवण्याआधी जेपेगमध्ये बदला. ते कॅशच्या फोल्डरात ठेवू नका, कारण जागा कमी पडली की फोन ते फोल्डर न विचारता रिकामे करतो. डॉक्युमेंट्सच्या फोल्डरात ठेवले तर ते टिकतात, पण कार्यकर्त्याच्या खाजगी आयक्लाउडमध्येही त्यांची प्रत जाते, म्हणून त्या फाइलींना बॅकअपमधून वगळण्याची खूण करा. शेतकऱ्याचे नाव आणि त्याच्या विहिरीचे स्थान दुसऱ्याच्या खाजगी खात्यात पडून राहणे योग्य नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर याकडे डोळेझाक करून चालणार नाही. फाइलींना सर्वांत कडक कुलूप मात्र लावू नका. फोन लॉक झाला की त्या वाचताच येत नाहीत आणि संध्याकाळी खिशातल्या खिशात होणारे अपलोड अर्ध्यावर अडते.

राहिला वाटपाचा प्रश्न. अँड्रॉइडवर तुम्ही व्हॉट्सॲपवरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, पाठवत असाल. आयफोनवर ती सोय नाही. ॲपलच्या विकसक खात्याला वर्षाला ९९ डॉलर पडतात, गूगल प्लेला एकदाच २५. टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणीच्या सोयीवरून दहा हजार बाहेरच्या लोकांना ॲप देता येते, पण एक आवृत्ती ९० दिवसच चालते आणि तुमच्या दोन फेऱ्यांमध्ये सहा महिने आहेत, म्हणजे प्रत्येक फेरीआधी मित्राला नवी आवृत्ती चढवावीच लागेल. ॲप स्टोअरवर टाकायचे असेल तर तपासणाऱ्यासाठी चाचणीचे खाते द्यावे लागते, आणि तो बसल्या जागी तुमची विहीर कुठून आणणार? आम्ही पहिल्यांदा परत पाठवले गेलो ते यामुळेच. दुसऱ्या वेळी नमुन्याच्या क्यूआर कोडचे चित्र सोबत जोडले तेव्हा ॲप पुढे सरकले. स्थानाची परवानगी मागताना ‘ॲपला तुमचे स्थान हवे आहे’ एवढे मोघम लिहूनही चालत नाही. कशासाठी हवे ते स्पष्ट लिहावे लागते.

विहीरनोंद

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून काल मित्रासोबत बसलो. आधी एक फोन मराठीत करून आमचे अँड्रॉइड ॲपच तपासले, आणि @अर्धविराम यांची शंका खरी निघाली. फॉर्ममधील तारखा ठीक आहेत, पण फोटोच्या नावात मित्राने जी तारीख जोडली होती ती देवनागरी अंकांत येते. मागील दोन फेऱ्यांतील काही फोटो ‘सापडत नाहीत’ म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना बोल लावला होता. ते सगळे फोटो सर्व्हरवर आहेत, फक्त आमची शोधण्याची स्क्रिप्ट रोमन अंकांतील तारीख शोधत होती.

आयफोनचे ॲप सध्या लिहायचे नाही असे ठरले आहे. मे महिन्याच्या फेरीत अकरा जण वेब फॉर्म वापरतील, चिन्ह आदल्या दिवशी सासवडच्या कार्यालयात घेतले जाईल आणि संस्थेचे दोन अँड्रॉइड फोन राखीव राहतील. जीपीएसची पाच मीटरची अट काढून टाकतो आहोत. ती मुळात विहिरींची पहिली यादी करताना घातली होती आणि नंतर कुणी तिच्याकडे पाहिलेच नाही. तिच्यापायी माणसे कठड्याशी उन्हात पाच-पाच मिनिटे उभी राहत होती.

एक शंका उरते. पट्ट्यांवरचे क्रमांक तीन अंकी आहेत आणि त्या नव्याने ठोकणे शक्य नाही. पडताळणी अंक नंतर रंगाने लिहिला तर चालेल का?

उत्तर : माळरान

चालेल. ऑइल पेंट वापरा आणि पट्टीवर लिहिण्याऐवजी कठड्याच्या आतल्या बाजूला लिहा. बाहेरच्या बाजूला दोराचे घासणे आणि ऊन लागून वर्षभरात अंक पुसट होतात. आमच्याकडे तीनाचा अंक दोनासारखा दिसू लागला होता.